रोइंग मशीनवर पाय कुठे ठेवायचे आणि पायात काय घालायचं

जिममध्ये रोइंग मशीनवर, म्हणजे बसून वल्हवल्यासारखा व्यायाम करायच्या मशीनवर, पहिल्यांदा बसणारा माणूस आधी हँडल धरतो, मग स्क्रीनवरचे आकडे बघतो आणि पाय समोरच्या फूटप्लेटवर जसे बसतील तसे कोंबून पट्टे आवळतो. त्याच्या आधी त्या मशीनवर बसलेल्याचा बूट दहा नंबरचा होता की पाच नंबरचा, याचा विचार कोणी करत नाही. फूटप्लेट आहे तशीच राहते. आठवडाभरात तक्रारी सुरू होतात. पायाच्या बोटांना मुंग्या येतात, नडगी पुढून दुखते, टाच सारखी निसटते, गुडघा कुरकुरतो. मग ‘हे मशीन आपल्यासाठी नाही’ असं म्हणून माणूस ट्रेडमिलकडे वळतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच तक्रारी फूटप्लेटपाशी दोन मिनिटं घालवली तर मिटतात.

या मशीनवर शरीर तीनच ठिकाणी टेकतं: सीट, हँडल आणि फूटप्लेट. सीट सरकते, हँडल हलतं, जागची हलत नाही ती फक्त फूटप्लेट. म्हणजे जोर लावायला आधार तेवढाच. रोइंग हातांचा व्यायाम वाटतो, पण खरी ताकद पायांनी त्या पाट्याला ढकलण्यातून येते. म्हणून माझा क्रम असा: आधी फूटप्लेटची उंची, मग पट्टा, मग बूट आणि जोडायच्या वस्तू सगळ्यात शेवटी, त्याही लागल्याच तर. नवीन लोक बरोबर उलट्या क्रमाने जातात. पहिल्याच आठवड्यात महागडे बूट घेतात आणि फूटप्लेटला कधी हातही लावत नाहीत.

आधी मशीन ओळखा

आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये आणि क्रॉसफिटच्या ठिकाणी दिसतं ते कॉन्सेप्ट२ कंपनीचं मशीन. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या ड्राइसिगॅकर बंधूंनी १९८१ साली पहिलं मशीन बाजारात आणलं. पुढे अनेक वर्षं ‘मॉडेल डी’ नावाने ओळखलं जाणारं मशीन आता ‘रोअर्ग’ या नावाने मिळतं. त्याच्या फूटप्लेटचे दोन भाग असतात. मागचा पाटा मशीनला पक्का जोडलेला, आणि त्यावर टाचेचा कप असलेला, वर-खाली सरकणारा प्लास्टिकचा तुकडा. या तुकड्यावर आकडे घातलेली भोकं असतात आणि ती पाट्यावरच्या खुंट्यांवर बसतात.

दुसरा प्रकार पाण्याच्या टाकीवर चालणाऱ्या मशीनचा. त्यातही टाच टेकवायचा भाग वर-खाली सरकतो, तत्त्व तेच.

तिसरा प्रकार घरी वापरायच्या स्वस्त चुंबकीय मशीनचा. त्यात बहुतेक वेळा सायकलच्या पॅडलसारखे डुलणारे पाटे असतात. टाच उचलली की पाटाही फिरतो. यात उंची बदलायची सोय क्वचितच असते, त्यामुळे सगळी मदार पट्ट्यावर आणि बुटांवर. अशा मशीनवर बसण्याआधी पाट्यांचे बोल्ट हाताने हलवून बघा. ढिले असतील तर आधी पाना लावा, मगच व्यायाम.

पायरी १: फूटप्लेटची उंची ठरवा

सीटवर बसा, पाय प्लेटवर ठेवा, टाच कपात नीट टेकवा. आता पट्टा पायावरून कुठून जातो ते बघा. तो चवड्यावरून गेला पाहिजे, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जिथे पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथून. बूट घातले असतील तर सगळ्यात खालच्या एक-दोन लेसांवर पट्टा येतो, ही ओळखायची सोपी खूण.

पट्टा बोटांवर येत असेल तर टाचेचा कप तुमच्या पावलासाठी फार खाली आहे, तो वर घ्या. पट्टा घोट्याच्या बाजूला, पायाच्या उंचवट्यावर येत असेल तर कप फार वर आहे, तो खाली घ्या. कॉन्सेप्ट२ वर सरकता तुकडा वरच्या टोकाला धरून पाट्यापासून थोडा पुढे ओढला की खुंट्यांतून सुटतो. हव्या त्या भोकावर आणून मागे दाबला की परत बसतो. बसल्याचा ‘टक’ असा आवाज दोन्ही बाजूंना यायला हवा. डावा-उजवा वेगवेगळ्या भोकांवर राहिला तर एक पाय वर, एक खाली अशा अवस्थेत तुम्ही शेकडो वेळा ढकलणार आणि कंबर त्याची किंमत मोजणार. हे मुद्दाम तपासा. जिममध्ये अर्धवट सरकवलेल्या जोड्या नेहमी दिसतात.

तुमचा आकडा सापडला की तो लक्षात ठेवा. घरी एकच मशीन वडील, मुलगी आणि आजोबा वापरत असतील तर तिघांचे आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

उंचीचा दुसरा परिणाम पुढे वाकण्यावर होतो. पाय जितके वर, तितके पुढे आल्यावर गुडघे छातीला लवकर भिडतात. पोट सुटलेलं असेल, मांड्या भरदार असतील किंवा कंबर आणि खुबा आखडलेला असेल, तर एक भोक खाली जाऊन बघा. पट्टा चवड्यापासून किंचित बोटांकडे सरकेल, तेवढं चालतं. पुढे येताना पाठ गोल होत होती ती सरळ राहायला लागली तर समजा बदल योग्य आहे. उंची ठीक आहे का हे बघायला कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. हँडल सगळ्यात पुढे असताना नडगी साधारण उभी दिसली पाहिजे. गुडघा घोट्याच्या पुढे झुकत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा पुढे येताय.

पायरी २: पट्टा किती आवळायचा

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पट्टा आपल्याला मशीनवर धरून ठेवतो असं वाटतं, म्हणून लोक तो दात-ओठ खाऊन ओढतात. ढकलताना पाय आपोआप पाट्यावर दाबले जातात, तिथे पट्ट्याचं काहीच काम नसतं. त्याची गरज लागते ती शेवटी, पाय सरळ झाल्यावर आणि अंग थोडं मागे कलल्यावर. तेव्हा मागे जाणारा वेग थांबवायला पट्टा थोडी मदत करतो. तेवढंच त्याचं काम.

बकलमधून पट्ट्याचं मोकळं टोक ओढा, पट्टा बुटाला टेकला की थांबा. पट्ट्याखाली तर्जनीचं टोक जेमतेम शिरलं पाहिजे आणि आत पायाची बोटं हलवता आली पाहिजेत. बकल पावलाच्या मध्यभागी वरच्या हाडावर येऊ देऊ नका, बाजूला राहू द्या. मोकळं टोक लांब लोंबत असेल तर पट्ट्याखाली खोचा. बुटाची लेसही आत खोचा. सीटच्या चाकांत लेस, सैल ट्रॅक पँटचा काठ किंवा लांब कुडत्याचा घेर अडकला की सीट जागीच थांबते आणि माणूस पुढे आपटतो. ओढणी घेऊन या मशीनवर बसू नये, हे घरातल्या बायकांना आवर्जून सांगा.

पायरी ३: पट्टे सोडून दहा स्ट्रोक

हे मला या सगळ्या लेखातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पट्टे पूर्ण सैल करा, पाय फक्त प्लेटवर टेकवा आणि अगदी सावकाश दहा स्ट्रोक मारा (पायांनी ढकलून हँडल ओढणं आणि परत पुढे येणं, हा एक स्ट्रोक). शेवटी पाय प्लेटवरून निसटून हवेत जात असतील तर तुम्ही फार मागे कलताय, किंवा पाय सरळ झाल्यानंतरही पट्ट्याला लटकून अंग खेचताय. छातीपर्यंत हँडल आणा, किंचितच मागे झुका आणि पायांचा दाब शेवटपर्यंत सोडू नका. बोटीत बसणारे खेळाडूही हा सराव करतात.

आणखी एक गोष्ट यातून कळते. पुढे परत येताना पायांनी पट्टा ओढून स्वतःला पुढे खेचायची सवय असेल, तर पट्ट्याशिवाय ते जमतच नाही. नडगीच्या पुढच्या बाजूला जे दुखणं होतं, ते बहुतेक वेळा याच सवयीमुळे. पायाचा पंजा वर उचलणारा स्नायू तिथे असतो आणि त्याला दर स्ट्रोकला फुकटचं काम पडतं. हात आधी पुढे जाऊ द्या, मग अंग कमरेतून पुढे कलू द्या, सीट आपोआप सरकायला लागते.

पायरी ४: बूट

रोइंग मशीनसाठी म्हणून खास बूट दुकानात सहज का दिसत नाहीत, याचं कारण खऱ्या बोटीत आहे. शर्यतीच्या बोटीत बूट बोटीलाच स्क्रूने जोडलेले असतात. खेळाडू आपली पादत्राणं धक्क्यावर काढतो आणि मोज्यासकट किंवा अनवाणी पाय त्या बुटांत घालतो. बुटाच्या टाचेला आखूड दोरी बांधलेली असते. बोट उलटली तर टाच ठरावीक अंतरापर्यंतच उचलली जाते आणि पाय बुटातून सुटतो. पुण्यात मुळा नदीच्या काठी सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या बोट क्लबवर हे बघायला मिळतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच खेळात २०१६ साली रिओ ऑलिंपिकपर्यंत पोचला आणि २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये (यात प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असतात) सुवर्णपदक विजेत्या संघात होता. बोटीतला बूट बोटीचाच भाग असल्यामुळे मशीनवर काय घालायचं, हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं.

तर काय घालावं? तळ पातळ, सपाट आणि दाबला न जाणारा, पण चवड्याशी वाकणारा असा कोणताही बूट. पुढे आल्यावर टाच थोडी उचलली जाते आणि पाऊल चवड्याशी मुडपतं. तिथे बूट वाकला नाही तर पट्टा पायात रुततो.

जाड फोमचे धावण्याचे बूट बहुतेकांकडे आधीच असतात, म्हणून तेच घालून लोक बसतात. चालतात, पण मनापासून शिफारस करणार नाही. तळ इतका मऊ असतो की ढकलण्याचा पहिला भाग फोम दाबण्यात जातो, गादीवर उभं राहून उडी मारावी तसं. शिवाय हल्लीच्या अशा बुटांची टाच मागे रुंद पसरलेली असते, ती कपात नीट बसत नाही आणि प्रत्येक स्ट्रोकला कडेवर घासते. नवशिक्याने महिनाभर तेच वापरले तरी बिघडत नाही. फक्त नवे विकत घेताना या मशीनसाठी म्हणून तसे घेऊ नका.

माझी पहिली पसंती साध्या कॅनव्हासच्या बुटांना आहे. शाळेत पीटीच्या तासाला घालायचो तसले पांढरे बूट, कुठल्याही गावातल्या चप्पल-बुटांच्या दुकानात मिळणारे. तळ पातळ रबराचा, चवड्याशी सहज वाकणारा, टाच कपात चपखल बसणारी. कुस्तीचे बूटही उत्तम असतात. मॅटवर खेळणाऱ्या पैलवानांचा पातळ तळाचा, घोट्यापर्यंत येणारा बूट इथे फार छान काम देतो. बॅडमिंटनचे गम सोलचे बूट त्यांच्या खालोखाल. ते थोडे जाड असतात, पण तळ टणक असतो आणि जिमच्या फरशीवर डाग पडत नाहीत. जिममध्ये बाहेरचे बूट चालत नसतील तर हीच जोडी फक्त जिमसाठी ठेवता येते.

बूट घेताना दुकानात उभे राहून चवड्यावर वजन टाका आणि टाच उचला. बोटं पुढे आदळता कामा नयेत आणि मागे टाच बुटातून निघता कामा नये. रोइंगमध्ये टाच हजार वेळा अशीच उचलली जाणार असते, म्हणून बूट मागून ढिला असेल तर फोड ठरलेला. पायाचा पुढचा भाग रुंद असेल तर लांबीला एक नंबर मोठा घेण्यापेक्षा रुंद साच्याचा बूट शोधा.

काही गोष्टी टाळाच. चप्पल आणि सँडल, कारण पट्ट्याखाली पाऊल सरकतं. क्लीट (पॅडलमध्ये अडकणारा तळाचा टणक तुकडा) लावलेले सायकलिंगचे बूट, कारण ते प्लेटवर घसरतात. गिर्यारोहणाचे कडक बूट, कारण वाकत नाहीत.

अनवाणी किंवा फक्त मोज्यांवर? घरी, थोड्या वेळासाठी, हलक्या गतीने, मोज्यांवर चालतं. पायाचा दाब नेमका कुठे पडतो हे त्यातून चांगलं कळतं, म्हणून शिकताना एकदा तरी करून बघावं. पण पट्टा थेट पायाच्या वरच्या शिरांवर रुततो, घामाने मोजे निसरडे होतात आणि प्लास्टिकच्या कडा टोचतात. जिममधल्या सामायिक मशीनवर अनवाणी बसणं इतरांच्या दृष्टीनेही बरं नाही.

टाच खाली राहत नसेल तर

घरच्या घरी एक चाचणी करा. भिंतीचा आधार न घेता, टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसा. गावाकडची सत्तरीतली आजी असं तासभर बसते आणि खुर्चीत आयुष्य गेलेल्या तिशीतल्या माणसाला एक मिनिट जमत नाही. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा आखडलेला आहे. मशीनवर पुढे येताना त्याची टाच खूप वर जाते, जोर फक्त बोटांवर येतो आणि गुडघ्यावर ताण पडतो.

पुढे आल्यावर टाच थोडी उचलली जाणं स्वाभाविक आहे. ती ढकलायला सुरुवात करताच प्लेटवर टेकली पाहिजे. टेकत नसेल तर आधी पुढे येणं कमी करा, नडगी उभी होण्याच्या जरा आधीच थांबा. मग रोज पोटरी आणि घोटा मोकळा करायचे व्यायाम. तेवढ्याने भागलं नाही तर टाच उंच असलेला बूट उपयोगी पडतो. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच साधारण दीड-दोन सेंटिमीटर उंच आणि टणक असते. त्यामुळे घोट्याला कमी वाकावं लागतं. तोटा असा की ते बूट जड असतात आणि चवड्याशी कमी वाकतात. माझ्या मते आधी साध्या बुटात टाचेखाली घट्ट रबराची किंवा कॉर्कची छोटी पाचर घालून बघावी. फरक जाणवला तरच मोठा खर्च करावा.

जोडायच्या वस्तू

पायाच्या उंचवट्यावर पट्टा रुतत असेल तर आधी जुन्या मोज्याचा कापलेला तुकडा पट्ट्यावर नळीसारखा चढवा. बहुतेक वेळा विकतच्या पॅडची गरजच राहत नाही. लवकर सुटणाऱ्या बकलचे पट्टे मिळतात. मध्येच उठून दुसरा व्यायाम करायचा असेल, जसं क्रॉसफिटमध्ये असतं, तर ते सोयीचे. वाकता न येणाऱ्या ज्येष्ठांनाही ते उपयोगी आहेत. घरच्या स्वस्त मशीनवर वेल्क्रोचे पट्टे असतात. वेल्क्रोत धागे अडकले की पकड जाते, तेव्हा जुन्या टूथब्रशने साफ करा.

बोटीतले बूट मशीनच्या फूटप्लेटवर बसवायच्या जोडप्लेटही मिळतात. बोटीच्या स्पर्धांसाठी सराव करणाऱ्यांना त्यांचा अर्थ आहे, कारण पाय त्याच बुटात, त्याच कोनात राहतो. बाकीच्यांनी त्यात पैसे घालू नयेत. आणि ज्या घरात मशीन चार जण वापरतात तिथे तर एकाच मापाचा बूट जोडून ठेवणं गैरसोयीचंच.

दुखलं तर कुठे बघायचं

बोटांना मुंग्या येत असतील तर पहिला संशय पट्ट्यावर. तो सैल केला, लेसही सैल केली, तरी मुंग्या राहिल्या तर सीटकडे बघा. सीटची पुढची कडा मांडीच्या मागच्या भागावर दाबत असेल तरी बोटं बधिर होतात. दहा मिनिटांनी उठून जरा चाला, सीटवर पातळ पॅड घालून बघा.

गुडघा आतल्या बाजूला दुखत असेल तर पावलं फार बाहेर वळलेली आहेत का बघा. पट्टा सैल केला की पाऊल आपल्या नैसर्गिक कोनात बसतं. टाचेच्या वरची शीर दुखत असेल तर काही दिवस थांबा, पुढे येणं कमी करा आणि अनवाणी मुळीच बसू नका.

ज्यांना मधुमेह आहे त्यांना कळकळीने सांगणं: पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पट्टा रुततोय हे तुम्हाला कळणारच नाही. मोजे आणि बंद बूट नेहमी घाला, पट्टा एरवीपेक्षा सैल ठेवा आणि व्यायामानंतर दोन्ही पावलं उजेडात वरून, खालून आणि बोटांच्या मध्ये तपासा. लाल वळ किंवा फोड दिसला तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत मशीनवर बसू नका.

निगा

पट्टे घाम पितात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, त्यांना कुबट वास येतो आणि बुरशी धरते. महिन्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच लावा. काढण्याआधी बकलमधून पट्टा कसा ओवला आहे याचा मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर परत ओवताना घोटाळा होतो. टाचेच्या कपात बुटांबरोबर आलेली रेती साचते, ती ओल्या फडक्याने पुसा. पट्ट्याच्या कडेचे धागे सुटायला लागले किंवा बकल ओढल्यावर घसरायला लागलं, तर पट्टा लगेच बदला. जोरात ढकलून पाय सरळ झाल्यावर, अंग मागे कललेलं असताना पट्टा तुटला तर माणूस सीटवरून मागे पडू शकतो. नवा मागवताना जुन्याची रुंदी मोजून घ्या आणि दोन्ही पायांचे एकदमच बदला.